कोणाकडं आलात?

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीतून टोकावड्याच्या पुढे एखाद्या फाट्यावर एकटं माणूस उतरलं, की टपरीवर बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठून आलात, हा नंतरचा. काय काम काढलंत, हा त्याच्याही नंतरचा. आधी विचारतात, "कोणाकडं आलात?" शहापूर तालुक्यात किन्हवलीला उतरा, डोळखांबला उतरा, प्रश्न तोच. इथे माणूस येतो तो कोणाकडे तरी येतो. लेकीकडे, सोयऱ्यांकडे, हळदीला, दहाव्याला. कोणाकडेच न आलेला माणूस म्हणजे सरकारी कामाचा, नाही तर जमिनी बघत हिंडणारा. आणि ती बाई असली, पन्नाशी उलटलेली, पाठीवर पिशवी, पायात बूट, बरोबर कोणी नाही, तर विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहलाइतकीच काळजी असते.

मी कल्याणची. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्या उंबऱ्याला लागून आहेत, आणि गेली कित्येक वर्षं मी तिथे एकटी जाते. "फिरायला आले," एवढं उत्तर तिथे पुरत नाही. कल्याणची म्हटलं की लगेच विचारतात, कल्याणात कुठं? मग कोणाची तरी बहीण कोळसेवाडीत दिलेली निघते, कोणाचा भाऊ भाजी मार्केटात हमाली करत असतो. चहा येईपर्यंत मी कोणाच्या तरी ओळखीची झालेली असते. त्याच वेळात मी कुठल्या वाटेने वर जाणार, उतरणार कधी, परतीची कुठली गाडी धरणार, हेही टपरीवरच्या चार जणांना ठाऊक झालेलं असतं. एकट्याने फिरण्याचं सुख आणि एकट्याने फिरताना घ्यायची खबरदारी या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात. मला त्या दोन्ही या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतात.

पाच-सहा जणी मिळून गेलो की आपण आपलं कल्याण-डोंबिवली बरोबर घेऊन हिंडतो. गाडीत गप्पा आपल्या, डबे आपले, भांडणं आपली. वाट विचारायला एकजण पुढे होते, बाकीच्या सावलीत थांबतात. गावातल्या माणसांनाही आपल्याशी बोलायचं कारण उरत नाही, कारण आपण आपल्याला पुरेशा आहोत हे त्यांना दिसत असतं. त्यात वाईट काही नाही. मैत्रिणींबरोबरच्या सहली मलाही हव्याच असतात. पण त्या सहलीत मैत्रिणी भेटतात, गाव भेटत नाही. एकटी गेले की मला विचारावंच लागतं. पाणी कुठे आहे, वाट कुठली, गाडी किती वाजता, इथे बसू का. विचारणाऱ्या माणसाला इथली माणसं कधी तोडून बोलत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

जूनच्या आरंभी, पहिला पाऊस पडून गेला की मुरबाडच्या बाजारात शेवळं येतात. जमिनीतून नुकती वर आलेली, तपकिरी-जांभळट कोंबांची जुडी. एका वर्षी बाजाराच्या कडेला बसलेल्या एका ठाकर बाईकडून मी जुड्या घेत होते. तिने पैसे हातात धरले आणि विचारलं, "काकडं हायेत का घरी?" नाहीत म्हटल्यावर तिने जुड्या परत मागे ओढल्या. काकडाची आंबट हिरवी फळं घातल्याशिवाय शेवळं करायची नाहीत, घसा खाजतो. मग तिने एक शेवळ सोलून दाखवलं. वरचा कोष काढायचा, आतल्या दांड्याचा पिवळसर भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं. शेजारणीच्या पाटीतली काकडं तिने स्वतः निवडून दिली. दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, ती खोळंबूनच राहिली. हे सगळं पुस्तकातही मिळालं असतं. पण विकलेली वस्तू परत ओढून घेणारी ती काळजी पुस्तकात मिळाली नसती, आणि माझ्याबरोबर घोळका असता तर ती बाई इतकं बोलली असती असं मला वाटत नाही.

दोन तालुक्यांत जायच्या रीती वेगळ्या आहेत. शहापूरला रेल्वे आहे. कल्याणला कर्जतचा फाटा सुटला की कसाऱ्याची गाडी टिटवाळा, खडवली करत वाशिंदला येते, मग आसनगाव, आटगाव, थानसित, खर्डी, उंबरमाळी आणि शेवटी कसारा. वाशिंदपर्यंत ही लाइन १८५५ सालीच आली होती, आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून ती इगतपुरीकडे गेली. मुरबाडला आजही रेल्वे नाही, तिथे कल्याणहून एसटी. रेल्वेचा प्रवास एकट्या बाईला सोपा जातो, कारण बायकांचा डबा आहे. पहाटे मुंबईकडे येणाऱ्या कसारा लोकलमध्ये त्या डब्याचा निम्मा भाग पाट्या आणि बोचक्यांनी भरलेला असतो. पावसाळ्यात टाकळा, कोरळ, करटोली, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, रानातला पळसाच्या पानांचा भारा. मी त्याच वेळी उलट्या दिशेने जात असते, माझा डबा मोकळा असतो. आसनगाव जवळ आलं की माहुलीचे सुळके डाव्या हाताला उभे राहतात. शहाजीराजांनी निजामशाहीची अखेरची लढत १६३६ मध्ये या गडावरून दिली. खिडकीशी बसून त्या सुळक्यांकडे बघताना बोलायला कोणी नसतं, म्हणून ते सुळके पुरते बघून होतात. एकटेपणाचा हा फायदा फार साधा आहे. डोळ्यांना काम करू दिलं जातं.

या दोन तालुक्यांतून एकट्याने केलेला सगळ्यांत मोठा प्रवास मात्र माणसाचा नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात एक बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. शांत स्वभावामुळे त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. माळशेजहून तो निघाला आणि महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, वसईची खाडी पोहून पार केली. इतक्या गावांच्या, पाड्यांच्या, कारखान्यांच्या अंगावरून तो गेला, कोणा माणसाला त्याने इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर याच नावाचा मराठी चित्रपटही २०१४ मध्ये आला.

आजोबाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते, कारण त्याची रीत माझ्या रीतीच्या बरोबर उलटी आहे. तो रात्री चालला, माणसाची चाहूल टाळत चालला, कोणालाही न दिसणं यातच त्याची सुखरूपता होती. माझी सुखरूपता दिसण्यात आहे. मी उजेडात चालते, गावातून चालते, बांधावर कोणी असेल तर थांबून बोलते. गवत कापणाऱ्या बाईला सांगते, वर चालले, चारच्या सुमाराला उतरेन. ती मान हलवते. उतरताना ती तिथे नसेलही, पण दुपारी भाकरीला बसल्यावर तिने घरात सांगितलेलं असतं की एक बाई वर गेली आहे. कधी कधी एखादा पोरगा वाटेतच भेटतो आणि म्हणतो, "तुम्हीच ना त्या?" या तीन शब्दांनी मला जो निर्धास्तपणा मिळतो तो फोनच्या चार कांड्यांनी मिळत नाही. आणि आजोबादेखील पुरता एकटा नव्हताच. त्याच्या गळ्यात पट्टा होता, आणि तो कुठवर आला हे कोणीतरी रोज काळजीने बघत होतं.

एकटीने निघणाऱ्या बाईला विचारायचे प्रश्न कल्याणला जुने आहेत. १८६५ मध्ये कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि लोक आपल्याला जे विचारतात ते प्रश्न स्वतःच एकेक करून मांडले. त्यातला एक होता, मी एकटी का जाते? दुसरा होता, तिकडे काही संकट ओढवलं तर काय करशील? पहिल्याचं उत्तर त्यांनी अगदी व्यवहारी दिलं. दोघांनी जाण्याइतका पैसा नाही, आणि पती गोपाळरावांवर घरची माणसं अवलंबून आहेत, त्यांना सोडून येता येत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात त्या ठाम होत्या. दुःखाच्या किंवा अपयशाच्या भीतीने करायचं काम टाकणं त्यांना मान्य नव्हतं.

आनंदीबाईंच्या धैर्याबद्दल खूप लिहिलं जातं, तयारीबद्दल कमी. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासून चालला होता. एकमेकींना न बघता मावशी-भाचीचं नातं जुळलं होतं. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा मिशनरी बायकांची सोबत होती, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. कोणाकडं आलात, याचं उत्तर त्या मुलीने घर सोडण्यापूर्वी तीन वर्षं खपून तयार केलं होतं. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. मला या तपशिलात तिचं मोठेपण जास्त दिसतं. एकटी जाणार, पण अनोळखी जाणार नाही.

एकट्या माणसाने या भागात पहिल्यांदा कुठे जावं असं कोणी विचारलं तर मी नाणेघाट सांगते. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळची गाडी धरून. कल्याण-नगर रस्त्यावर वैशाखरे मागे टाकलं की घाटवाटेची पाटी दिसते, तिथे उतरायचं. झाडीतून वाट जाते, मग चढ लागतो, मग दगडात बसवलेल्या पायऱ्या. वाट मळलेली आहे, ठळक आहे, आणि दोन हजार वर्षांच्या पावलांनी ती मळली आहे. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल या वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. वर गेल्यावर कातळात खोदलेली गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी यांची त्यात मोजदाद आहे, आणि आपल्याकडच्या अंकांचे अत्यंत जुने नमुने त्या मोजदादीत आहेत. लेख पुष्कळ झिजला आहे. अक्षरांवर बाजूने ऊन यावं लागतं, डोळे सरावावे लागतात. घोळका असला की दहा मिनिटांत फोटो होऊन सगळे वर निघतात. मी तिथे अर्धा अर्धा दिवस बसले आहे आणि मला एका गोष्टीचं फार वाटतं. एका राणीने, नवरा गेल्यावर, आपल्या घराण्याचं देणंघेणं चाळीस खांबांच्या महालात कोरून न ठेवता वाटसरू टेकतात त्या ओसरीत कोरलं.

गुहेच्या बाजूला पाण्याची टाकी आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून लोक दाखवतात. या वाटेवर प्रवाशासाठी काय काय खोदून ठेवलं आहे ते नीट बघितलं की खबरदारीचं सगळं शास्त्र तिथे मांडलेलं दिसतं. पाणी, डोक्यावर छप्पर, आणि घाटाच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्याची दखल घेणारा माणूस. त्या काळात या वाटेने एकटं कोणी जात नसणार, तांडे जात असणार. आज आपण एकटे जाऊ शकतो ते खाली रस्ता आहे, त्यावर गाडी आहे, म्हणून.

पण सगळीकडे एकटं जाऊ नये, हे मी तितक्याच जोराने सांगेन. मुरबाड तालुक्यातला गोरखगड, त्याच्या कातळातल्या खोदीव पायऱ्या, मोरोशीचा भैरवगड, वाल्हिवऱ्याकडून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली शिरणारी नाळीची वाट. इथे पाय घसरला तर हाक मारायला दुसरं माणूस हवंच, आणि ते वाट जाणणारं हवं. गावातून वाटाड्या घ्यावा, त्याला त्याच्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. सिद्धगड आणि आजापर्वत यांच्या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की सरावलेला माणूसही चुकतो. सिद्धगडाच्या रानातच २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. त्या दिवशी दर वर्षी तिथे लोक जमतात, ज्यांना ती जागा बघायची आहे त्यांनी त्या गर्दीबरोबर जावं. पावसाळ्यात तर एकट्याने घाटात जाऊच नये. माळशेजला दरडी कोसळतात, धबधब्यांवर दर वर्षी माणसांचे जीव जातात, म्हणून प्रशासन बंदीचे आदेश काढतं. ते आदेश पाळावेत. काळू, शाई, भातसा या नद्यांवरचे ठेंगणे पूल पावसात पाण्याखाली जातात. पलीकडे गेलेलं माणूस पलीकडेच अडकतं. आणि फुरसं, घोणस, मण्यार या भागात सगळीकडे आहेत. चावल्यावर जखम कापणं, घट्ट बांधणं, भगताकडे जाणं यात वेळ घालवू नये. हातपाय न हलवता शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावं. एकटं माणूस हात-पाय न हलवता रुग्णालय कसं गाठणार, याचं उत्तर नाही. म्हणूनच गवतात, रात्री, एकटीने जायचं नाही.

पाण्याबद्दल वेगळं बोललं पाहिजे. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतं, भातसा तर मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा उचलतं. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर येतो तेव्हा पाणी मिळतं, आणि तो येईपर्यंत बायका आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. वाटसरूने मागितलं तर त्या घरातून तांब्या बाहेर येतो. नाही म्हणणं त्यांच्या रीतीत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात आपलं पाणी आपण न्यायचं, दिवसाला पुरेल इतकं न्यायचं. प्रवासातली खबरदारी आपल्याला धक्का लागू नये एवढीच नसते. आपला भार ज्याच्यावर पडू नये त्याच्यावर पडू नये, हीसुद्धा आहे. एका पाड्यावर मी माझ्या बाटलीतून पीत होते तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "आमच्यातलं नको होय तुला?" मी तिच्या ओटीवर बसले आणि तिने दिलेला कोरा चहा घेतला. तो चहा नाकारणं हा त्याहून मोठा भार झाला असता.

आता बाईमाणसाच्या भीतीबद्दल. ती खरी आहे, तिला बागुलबुवा म्हणणारा माणूस एकट्या बाईच्या जागी कधी उभा राहिलेला नसतो. या भागातल्या गावांची मला भीती वाटत नाही. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या, धरणाच्या कडेला किंवा ओढ्यात बाटल्या घेऊन बसणाऱ्या टोळक्यांची वाटते. म्हणून मी त्या दिवशी जात नाही, आणि गेलेच तर अशा जागा टाळते. वाट शक्यतो बाईला विचारते. राहायचं झालं तर ज्या घरात बायका, पोरं आहेत तिथे राहते, आडबाजूच्या बंगल्यावर नाही. गावात शिरल्यावर पोलीस पाटलांचं घर कुठलं ते विचारून ठेवते. एवढं विचारलं तरी गावाला कळतं की या बाईला रीत ठाऊक आहे. घरी भाचीला सकाळी लिहून पाठवते, कुठे जाते, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला विचारायचं. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक पाठ आहेत, पण घाटाच्या पायथ्याशी कित्येक ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा क्रमांकांवर फार विसंबता येत नाही. आणि मनाला खटकलं तर परत फिरते, कारण शोधत बसत नाही. डोंगर पुढच्या महिन्यातही तिथेच असतो.

गर्दीत एकटं जाणं त्यामानाने सोपं. पौष पौर्णिमेच्या सुमाराला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलबाजार, घोंगड्यांचे ढीग, तमाशाचे तंबू. त्या गर्दीत एकटी बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पैसे तेवढे आत जपून ठेवावेत आणि अंधार पडायच्या आत निघावं.

हे सगळं लिहिताना मला सतत जाणवतं की माझं एकटं जाणं हौसेचं आहे. इथे रोज एकटं जाणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना कोणी प्रवासी म्हणत नाही. पाड्यावरच्या शाळेतली शिक्षिका, गरोदर बाईच्या तपासणीला डोंगर चढून जाणारी नर्स, आशाताई, अंगणवाडीची सेविका. त्यातल्या कोणालाही बाजारात नवे बूट घेताना मी बघितलेलं नाही, त्या चपलेवर जातात. नदीचं पाणी केव्हा चढतं, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, कुठल्या घरातला माणूस पिऊन बसतो, हे त्यांना पाठ असतं. मला खबरदारीच्या ज्या गोष्टी ठाऊक आहेत त्यातल्या बऱ्याच मी अशा बायकांच्या शेजारी एसटीत बसून शिकले. एका नर्सबाईंनी मला सांगितलं होतं की त्या नव्या पाड्यावर गेल्या की पहिल्या दिवशी काम करत नाहीत, फक्त घरोघर जाऊन नाव सांगतात. "एकदा नाव सांगितलं की मग रात्रीसुद्धा जाते."

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास. मुरबाडच्या गाड्यांत त्याचा परिणाम दिसतो. एरवी मुलाने आणलं तर आणि नेलं तर जाणाऱ्या म्हाताऱ्या आता आपल्या आपण लेकीकडे निघालेल्या दिसतात. पिशवीत नाचणीचं पीठ, सुके बोंबील, आणि कंडक्टरला बजावणी की अमुक फाटा आला की हाक मार. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघितला की एकटीने जाण्याचे फायदे कोणाला समजावून सांगायची गरज वाटत नाही.

आणि मुली. शहापूरला, मुरबाडला कॉलेजात येणाऱ्या मुली. वस्तीची गाडी संध्याकाळी डेपोतून सुटते, गावात मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपतात, आणि पहाटे तीच गाडी मुलांना, दुधाच्या कॅनना, दवाखान्यात निघालेल्यांना घेऊन परत येते. या एका गाडीवर कित्येक पाड्यांतल्या मुलींचं बारावीनंतरचं शिकणं अवलंबून आहे. गाडी असेल तर आई-बाप पाठवतात, नसेल तर फाट्यापासून अंधारात तीन-चार किलोमीटर एकटीने चालत ये असं ते मुलीला सांगू शकत नाहीत, आणि त्यांनी सांगूही नये. तिने धीट व्हावं, हे सांगणं सोपं आहे. तिच्या धीटपणाला गाडीची जोड द्यायला पैसा लागतो, डेपोत गाडी लागते, रस्त्यावर डांबर लागतं. एकटीच्या प्रवासाच्या खबरदारीत मी हे पहिल्या जागी ठेवते.

गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका गाडीने डोळखांबच्या बाजूला जात होते. पुढच्या बाकांवर सहा-सात मुली होत्या, मांडीवर दप्तरं, एकीच्या हातात उघडलेली अर्थशास्त्राची वही. कंडक्टरने तिकिटं फाडली, पासवाल्यांचे पास न बघताच मान हलवली, मग दारापर्यंत गेला आणि परत आला.

"ती वरच्या पाड्याची कुठं राहिली?"

"तिचं प्रॅक्टिकल हाय, काका. येतेय, स्टँडच्या गेटावर हाय."

त्याने ड्रायव्हरला हात केला. गाडी थांबली होती तशीच थांबून राहिली.